घरी गाणं ऐकायला स्ट्रीमर घेताय? आधी तंबोरा वाजवून बघा

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या गावभागातल्या घरात शिरलं तेव्हा माणसं आणि तंबोरे वरच्या मजल्यावर गेले, कॅसेटी मात्र खालीच राहिल्या. पाणी ओसरल्यावर डेकमधून चिखल निघाला आणि तीस वर्षं जपलेल्या फिती एकमेकींना चिकटून लगदा झाल्या होत्या. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी वर होती, तेवढी वाचली. तेव्हापासून आमच्याकडे गाणं येतं ते इंटरनेटवरून. ते त्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत धडपणे कसं पोचवायचं, यासाठी मी बरीच यंत्रं आणली, जोडली, काही परत पाठवली.

मी सांगलीत गाणं शिकवते. क्लासला येणाऱ्या मुलांचे आईवडील हमखास विचारतात, "ताई, घरी चांगलं ऐकायला स्वस्तात काय घेऊ?" मुलाच्या कानावर रोज तासभर चांगलं गाणं पडलं तर माझं निम्मं काम होतं, म्हणून हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. दरवेळी तोंडी सांगताना काहीतरी राहून जातं. आज सगळं लिहून काढते.

स्ट्रीमिंग प्लेअर, म्हणजे लोक ज्याला नुसतं स्ट्रीमर म्हणतात, तो तळहातावर मावेल एवढा डबा असतो. त्याला स्वतःचा स्पीकर नसतो. एका बाजूने तो घरातल्या वायफायला जोडला जातो, दुसऱ्या बाजूने वायरने तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरला किंवा पॉवर्ड (आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेल्या) स्पीकरला. फोनवरून तुम्ही फक्त सांगायचं, अमुक राग लाव. त्यानंतर तो डबा स्वतःच इंटरनेटवरून गाणं ओढून घेतो आणि वाजवतो.

हा 'स्वतःच' शब्द नीट लक्षात घ्या, कारण ब्लूटूथमध्ये नेमकं तेच होत नाही. मीही सुरुवातीला काही शे रुपयांचा ब्लूटूथ रिसीव्हर आणला होता. आमच्या सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. सकाळी पूजा आटोपली की तासभर नाट्यपदं ऐकतात, डोळे मिटून, मांडीवर बोटांनी ताल धरून. एकदा पद ऐन रंगात आलं होतं, गायकाची तान समेकडे निघाली होती, आणि माझ्या फोनवर कुणाचा तरी मेसेज टुणकन वाजला. तो थेट स्पीकरमधून, गाण्यापेक्षा मोठ्या आवाजात. सासूबाईंनी डोळे उघडले. "अगं, मधेच हे काय वाजलं?" पुढच्या आठवड्यात मी फोन घेऊन भाजी आणायला बाहेर पडले आणि त्यांचं गाणं दारातच तुटलं. ब्लूटूथवर गाणं तुमच्या फोनमधून जातं. फोन वाजला, फोन बाहेर गेला, बॅटरी संपली, की गाणं थांबलं. ज्या घरात ऐकणारा एक आणि फोनवाला दुसरा, त्या घरात ब्लूटूथ घेऊ नका. एकटं राहणाऱ्या विद्यार्थ्याला चालेल.

आधी अ‍ॅप बघा, मग यंत्र

दुकानात लोक सर्वांत आधी चिपचं नाव विचारतात, किती बिट, किती किलोहर्ट्झ विचारतात. मी आधी विचारते, तुमच्या फोनवर गाण्याचं कुठलं अ‍ॅप आहे आणि फोन कुठला आहे? सगळी निवड इथेच ठरते, कारण अ‍ॅप आणि डबा यांची एकमेकांशी बोलायची भाषा एक असावी लागते.

अशा भाषा मुख्यतः तीन. गुगल कास्ट ही अँड्रॉइड फोनवाल्यांची मोठी सोय. यूट्यूब म्युझिक, स्पॉटिफाय, जिओसावन अशा अ‍ॅपमध्ये कोपऱ्यात टीव्ही आणि लहरींचं चिन्ह दिसतं, ते हेच. एअरप्ले ही आयफोनची. ती वायफायवरून चालते, आवाज चांगला येतो, पण गाणं आयफोनमधूनच जातं. म्हणजे फोन घराबाहेर गेला की इथेही गाणं बंद. तिसरी स्पॉटिफाय कनेक्ट. ती फक्त स्पॉटिफायपुरती, पण काम चोख. एकदा गाणं लावलं की फोन कुठेही न्या.

माझ्या अनुभवात सांगली-मिरजेकडच्या बहुतेक घरांत अँड्रॉइड फोन आणि त्यावर यूट्यूब म्युझिक किंवा नुसतं यूट्यूब असतं. त्याला कारणही आहे. जुन्या मैफलींची, आकाशवाणीच्या जुन्या प्रसारणांची, कुणीतरी घरच्या कॅसेटवरून चढवलेली दुर्मिळ ध्वनिमुद्रणं यूट्यूबवर जितकी सापडतात तितकी दुसरीकडे सापडत नाहीत. अशा घराने गुगल कास्ट असलेलंच यंत्र घ्यावं आणि गाणं यूट्यूब म्युझिकमधून लावावं, कारण नुसतं यूट्यूब अशा आवाजापुरत्या डब्यावर कास्ट होत नाही. हे न बघता घेतलेला डबा कपाटात पडून राहतो, हे मी दोन घरांत पाहिलंय.

आता यंत्रांची नावं घेते. कमी पैशांत आणि कमी कटकटीत मला वीम कंपनीचे डबे बरे वाटले. त्यात वीम मिनी सर्वांत स्वस्त. त्यावर एअरप्ले आहे, स्पॉटिफाय कनेक्ट आहे, पण गुगल कास्ट नाही. वीम प्रो महाग पडतो, पण त्यावर गुगल कास्ट आहे, वायफायऐवजी लॅनची वायर लावायची सोय आहे आणि मागे लाल-पांढऱ्या आरसीए वायरींची नेहमीची जोडी आहे. मिनीला ती जोडी नाही. त्याला हेडफोनसारखी ३.५ मिलिमीटरची खाच आहे, तिथून आरसीएची वायर घालून न्यावं लागतं. आयफोन आणि स्पॉटिफायचं घर असेल तर मिनी घ्या, वरचे पैसे वाचवा. अँड्रॉइड आणि यूट्यूबचं घर असेल तर मात्र पैसे साठवून प्रोच घ्या. मिनी 'तूर्तास' म्हणून घ्याल आणि सहा महिन्यांनी प्रो घ्याल, त्यात दोन्हीचे पैसे जातात.

गुगलचं स्वतःचं क्रोमकास्ट ऑडिओ नावाचं छोटं गोल यंत्र होतं. २०१५ साली आलं, २०१९ला त्यांनी ते बनवणं थांबवलं. जुन्या वस्तूंच्या बाजारात अजून मिळतं. २०२५च्या मार्चमध्ये आतल्या प्रमाणपत्राची मुदत संपल्यामुळे जगभरची ही जुनी यंत्रं एकाएकी कास्ट घेईनाशी झाली होती. कंपनीने ते नंतर दुरुस्त केलं. तरी अशा जुन्या यंत्रावर मोठी रक्कम घालू नये असं माझं मत आहे. अगदी स्वस्तात मिळालं तर घ्या.

अलेक्सावाला एको डॉट घरात असेल तर त्याच्या मागे वायर लावायची खाच आहे का बघा. चौथ्या पिढीपर्यंत ती होती, पाचव्या पिढीच्या डॉटला नाही. खाच असेल तर एका वायरीत तो तुमच्या मोठ्या स्पीकरला जोडला जातो आणि वेगळं काही घ्यावं लागत नाही.

ज्यांच्याकडे आत्ता खर्चाला पैसेच नाहीत, त्यांच्यासाठी सर्वांत चांगला स्ट्रीमर घरातच असतो. कपाटातला जुना फोन. सिमकार्ड काढा, गाण्याचं एक अ‍ॅप सोडून बाकी सगळं उडवा, सूचना बंद करा, वायफायला जोडा आणि हेडफोनच्या खाचेतून आरसीए वायर अ‍ॅम्प्लिफायरला द्या. खाच नसलेला फोन असेल तर सी-टाइपचा छोटा डॅक, म्हणजे डिजिटल आकड्यांचा आवाज करून देणारा तुकडा मिळतो, तो लावा. सिम नसल्यामुळे कॉल मध्ये येत नाही. एवढंच जपा की तो फोन रात्रंदिवस चार्जरला लटकवून ठेवायचा नाही. जुनी बॅटरी त्याने फुगते. माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी गेली दोन वर्षं असंच चाललंय आणि ते ऐकताना काही कमी आहे असं मला कधी वाटलं नाही.

हाय-रेझचा शिक्का

खोक्यावर हाय-रेझचा, म्हणजे जास्त बारकाव्याच्या आवाजाचा, सोनेरी शिक्का असतो आणि २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ असे आकडे असतात. सीडीचा आकडा १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ. मोठा आकडा वाईट नाही, पण तुम्ही काय ऐकता ते बघा. मिरजेत ज्यांची समाधी आहे ते अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांचं जे गाणं आपल्यापर्यंत आलं ते ७८ आरपीएमच्या ग्रामोफोन तव्यांवर, एकेका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं, तेव्हाच्या यंत्रांनी जेवढं पकडलं तेवढं. त्या तव्यावर नसलेला स्वर कुठलाही डबा आणून देणार नाही. पण तव्यावर जो आहे, तो लागलेला स्वर, ती आर्त खेच, ती साध्या डब्यातूनही पूर्ण पोचते, पुढचा स्पीकर चांगला असेल तर. माझं सगळ्यांना सांगणं एकच असतं. स्ट्रीमरवर वाचवलेला रुपया स्पीकरवर घाला. हिशोब करताना स्पीकरला सर्वांत मोठा वाटा द्या, स्ट्रीमरला लहान.

नेट किती खर्च होतं हेही विचारतात. ३२० केबीपीएसवर, म्हणजे दाबून पाठवलेल्या चांगल्या दर्जाच्या आवाजात, तासाला साधारण १४४ एमबी. सीडीच्या दर्जाचा आवाज काहीही न दाबता पाठवला तर तासाला ६३५ एमबीच्या आसपास. प्रत्यक्षात तो न बिघडवता आवळून पाठवतात, त्यामुळे याहून कमी. घरी फायबर असेल तर हा विचारच नको. फोनच्या हॉटस्पॉटवर, रोजच्या दीड-दोन जीबीत चालवायचं असेल तर अ‍ॅपमध्ये मधला दर्जा ठेवा.

तंबोऱ्याची परीक्षा

यंत्र ऑनलाइन घेतलं तर परत करायची मुदत किती दिवस आहे ते आधी वाचा आणि त्या दिवसांत हे करा. मी सगळी यंत्रं अशीच पारखली.

नुसत्या तंबोऱ्याचं तासाभराचं ध्वनिमुद्रण लावा. आमच्या शेजारी मिरजेत पिढ्यान् पिढ्या तंबोरे घडतात. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्या कारागिरासमोर कधी बसून बघा. तो घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवतो, केसभर पुढे, केसभर मागे, आणि एका क्षणी बंद तार एकदम उमलते. त्या उमललेल्या नादाला आपण जवारी म्हणतो. यंत्रातला दोष तंबोऱ्याइतका उघडा कुठलंच गाणं पाडत नाही. तबला-पेटीच्या गडबडीत अर्ध्या सेकंदाची खोट लपून जाते, तंबोऱ्याच्या अखंड नादात ती लगेच टोचते.

रात्री, पंखा बंद करून, आवाज कमी ठेवून ऐका. तीन गोष्टींकडे कान द्या. एक, नाद मध्येच तुटतो का. तुटला तर दोष बहुधा वायफायचा. दोन, तार छेडल्यावर तिच्या आतून वर चढत जाणारे बारीक स्वर, गंधार वगैरे, ऐकू येतात का, की नुसताच भरीव गुंजारव आहे. ते स्वर येत नसतील तर आधी स्पीकर तपासा, मग अ‍ॅपमधला दर्जा.

तिसरी गोष्ट वीजेची गुणगुण. ती मला सर्वांत जास्त छळते म्हणून जरा सविस्तर सांगते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. जोडणीत खोट असली की स्पीकरमधून ५०, १००, २०० अशी घरघर येते. हा सूर पेटीवरच्या पांढरी पाच या पट्टीच्या किंचित वर चढलेला असतो. माझा षड्ज (सा) काळी चार, म्हणजे २०७ हर्ट्झच्या आसपास. तंबोरा २०७वर आणि घरघर २००वर, दोघांची टक्कर होऊन नाद सेकंदाला सात-आठ वेळा थरथरतो. नव्या माणसाला तंबोराच बेसूर लागलाय असं वाटतं. रियाजाला बसलेल्या मुलाचा कान याने बिघडतो, ही साधी गोष्ट नाही. उपाय असे: स्ट्रीमर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावा. डिशची किंवा केबलची वायर अ‍ॅम्प्लिफायरला कुठून जोडलेली असेल तर काढून ऐका. स्ट्रीमरचा अ‍ॅडॅप्टर बदलून बघा. तरीही राहिली तर ऑप्टिकल वायर वापरा, तिच्यातून वीज जात नाही, फक्त प्रकाश जातो, त्यामुळे घरघर तिथेच अडते. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला ऑप्टिकलची खाच नसते. मग मध्ये छोटा डॅक लागतो. आमच्याकडे नुसता अ‍ॅडॅप्टर बदलला आणि घरघर गेली.

दुसरी परीक्षा लाइटची. आपल्याकडे लाइट जातेच, पावसाळ्यात तर दिवसातून दोनदा. यंत्र चालू असताना मेन स्विच बंद करा, पाच मिनिटांनी चालू करा आणि हात लावू नका. राउटर जागा व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो, स्ट्रीमर त्याच्या आधीच जागा होतो आणि त्याला वायफाय सापडत नाही. चांगलं यंत्र वाट बघून आपोआप जोडलं जातं. माझ्याकडे आलेला एक डबा दरवेळी पहिल्यापासून जोडून मागायचा. तो मी परत पाठवला. राउटरला इन्व्हर्टरवर घेतलंत किंवा त्याचा छोटा यूपीएस लावलात तर निम्मा त्रास जातो.

वायफायचंही घरावर अवलंबून असतं. गावभागातल्या जुन्या घरांच्या भिंती हातभर जाड. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान खरं, पण अशा भिंतीत दम तोडतं. २.४चं हळू, पण भिंत ओलांडून जातं. गाण्याला वेग फार लागत नाही, म्हणून दोन खोल्यांपलीकडे राउटर असेल तर स्ट्रीमर २.४वर जोडा.

शेवटची परीक्षा घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाची. आमच्या सासूबाई फोनला हात लावत नाहीत. वीमला वेगळा विकत घ्यायचा रिमोट आहे, त्याच्या बटणांवर आवडत्या याद्या किंवा इंटरनेट रेडिओ ठरवून ठेवता येतो. मी पहिल्या बटणावर नाट्यपदं आणि दुसऱ्यावर अभंग ठेवलेत, बटणांवर लाल आणि हिरवी टिकली चिकटवली. आता त्या मला हाकच मारत नाहीत. रिमोटच्या खर्चाबद्दल मला विचाराल तर तो आधी घ्या, चांगली वायर नंतर.

लावल्यावर

अ‍ॅपमध्ये दोन गोष्टी लगेच बंद करा. एक क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं संपताना दुसरं त्यात मिसळणं. विलंबित आणि द्रुत असे दोन तुकडे केलेल्या मैफलीत ते अक्षम्य आहे. दुसरं ऑटोप्ले. मारवा संपला की आपल्याला शांतता हवी असते, अ‍ॅपला भलतंच काहीतरी लावायचं असतं. गॅपलेस मात्र चालू ठेवा, त्याने तुकडे सलग जोडून वाजतात.

अ‍ॅम्प्लिफायरला आवाजाची चकती असेल तर स्ट्रीमरचा आउटपुट फिक्स्ड, म्हणजे कायम एकाच पातळीवर ठेवा आणि चकतीने आवाज कमी-जास्त करा. पॉवर्ड स्पीकर असतील आणि त्यांची चकती मागच्या बाजूला असेल तर व्हेरिएबल, म्हणजे स्ट्रीमरवरूनच कमी-जास्त होणारा ठेवा, नाहीतर दरवेळी स्पीकर फिरवावा लागेल.

तुमच्याकडे स्वतःचा संग्रह असेल, गुरूंच्या तालमींची ध्वनिमुद्रणं पेन ड्राइव्हवर असतील, तर एक लक्षात ठेवा, वीम मिनी आणि प्रोला पेन ड्राइव्ह लावता येत नाही. यूएसबी असलेल्या राउटरवरून किंवा जुन्या लॅपटॉपवरून ती घरातल्या घरात वाटावी लागतात. हे काम रास्पबेरी पाय फार छान करतो. हा छोटा उघडा कॉम्प्युटर, त्यावर डॅकची पाटी बसवायची आणि मूड ऑडिओसारखं फुकट सॉफ्टवेअर घालायचं. पेन ड्राइव्ह थेट लागतो. गुगल कास्ट त्यावर चालत नाही. आणि एकदम लाइट गेली तर त्यातलं मेमरी कार्ड बिघडू शकतं. पायकोअरप्लेअर हे सॉफ्टवेअर चालू झाल्यावर सगळं रॅममधून चालवतं, म्हणून आपल्याकडच्या लाइटला ते जास्त सोसतं. घरात कुणी इंजिनिअरिंगचा मुलगा-मुलगी असेल तर हे त्यांच्यावर सोपवा, आवडीने करतील. माझ्या भाच्याने एका रविवारात करून दिलं. पुरातून वाचलेल्या अकरा कॅसेटी मी त्याच्याकडूनच कॉम्प्युटरवर घेतल्या, त्या आता त्यात आहेत.

जागा निवडताना लोखंडी कपाटात किंवा टीव्हीच्या मागे डबा कोंबू नका, वायफाय अडतं. शक्यतो उघड्या फळीवर, राउटरच्या दिशेला. वायर मात्र घेताना थोडी लांब घ्या, म्हणजे फळी उंच ठोकता येते. आमच्या खालच्या खोलीत २०१९च्या पाण्याची रेघ रंगाखालून अजून दिसते. आमची फळी तिच्या दीड हात वर आहे.